डकवीड: पाण्यावरच्या हिरव्या टिकल्या आणि गटारातलं नत्र

आमच्या परसातल्या सिमेंटच्या हौदात कमळ लावलं, त्याच आठवड्यात पाण्यावर पाच-सहा हिरव्या टिकल्या दिसल्या. रोपवाटिकेतून आलेल्या कमळाच्या देठाला चिकटून आल्या असणार. मी लक्ष दिलं नाही. पावसाळा सरेपर्यंत हौदातलं पाणी दिसेनासं झालं. वर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं दिसायचं, आणि आईने हात बुडवून बाहेर काढला की कोपरापर्यंत हिरवे ठिपके चिकटलेले असायचे. "शेवाळ माजलंय, हौद धुऊन घे," ती म्हणाली. धुण्याआधी त्यातली एक टिकली नखावर घेऊन भिंगाखाली धरली, आणि हौद धुवायचा राहूनच गेला.

ते शेवाळ नव्हतं. शेवाळाला खरं मूळ नसतं, फूल तर नाहीच. या टिकलीच्या पोटाखालून मात्र केसासारखं पांढरं मूळ लोंबत होतं, त्याच्या टोकावर इवलीशी टोपी होती, आणि टिकलीच्या कडेला एक खाच होती. खाचेतून दुसरी टिकली अर्धी बाहेर डोकावत होती, जशी पदराआडून पोर डोकावते. हीच डकवीड. बदकं ती आवडीने खातात म्हणून हे इंग्रजी नाव. तळ्यातून निघालेल्या बदकांच्या पाठीवर या टिकल्या चिकटलेल्या डार्विननेही पाहिल्या होत्या आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात वनस्पती कशा पोचतात याचा पुरावा म्हणून त्यांची नोंद केली होती. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश भाषांत तिला 'पाण्यातली मसूर' म्हणतात. आपल्याकडे गावोगाव ती दिसते, पण बहुतेक ठिकाणी 'शेवाळ' या एकाच शब्दात तिची बोळवण होते.

आधी ओळख पक्की करू, कारण इथे गफलत फार होते. नद्यांवर पसरणारी, जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची ती जलपर्णी. तिचा डकवीडशी संबंध नाही. दूध धंद्यातल्या शेतकऱ्यांना माहीत असलेला अझोला हा नेच्याचा प्रकार, फूल न येणारा. त्याची पानं खवल्यांसारखी एकमेकांवर बसलेली असतात आणि उन्हात तांबूस पडतात. डकवीड ही पूर्ण सपुष्प वनस्पती आहे, आणि तिचं कुळ कोणतं म्हणाल, तर अळूचं. होय, आपलं वडीचं अळू, सुरण आणि ही टिकली एकाच घराण्यातली. हे नातं पुढे उपयोगी पडणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

डकवीडच्या पाच उपशाखा आहेत: स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना, वुल्फिएला आणि वुल्फिया. सगळ्या मिळून जाती सुमारे ३६. ओळखायची सोपी खूण मुळांची. स्पायरोडेला सर्वांत मोठी, नखाएवढी, आणि तिला मुळांचा झुपका असतो. लेम्नाला एकच मूळ. माझ्या हौदातली तीच. वुल्फियाला मूळच नाही. ती हिरव्या रव्याच्या कणासारखी असते, एक मिलिमीटरहूनही लहान, आणि जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती हा मान तिचा आहे. तिचं फूल म्हणजे टिकलीच्या पाठीवरच्या एका खळग्यात एक पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर, बस्स.

## दामदुप्पट

या वनस्पतीचे तिन्ही उपयोग, म्हणजे जनावरांचं खाद्य, सांडपाण्याची सफाई आणि प्रयोगशाळेतलं काम, एकाच सवयीतून आलेले आहेत. ती वाढण्याखेरीज कशावरही खर्च करत नाही. उभं राहायचं नाही म्हणून खोड नाही. लाकूड नाही. पाणी वर चढवायचं नाही, कारण अख्खं अंगच पाण्यावर टेकलेलं. फुलं क्वचित, बिया त्याहून क्वचित. जे काही सूर्यापासून आणि पाण्यातून मिळतं ते सगळं पुढच्या टिकलीत. एका टिकलीच्या खाचेतून दुसरी निघते, ती सुटण्याआधीच तिच्या खाचेत तिसरीची तयारी सुरू झालेली असते.

पाणी सुपीक आणि हवा उबदार असेल तर टिकल्यांची संख्या दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. दोन दिवस धरून हिशेब करू. दहा टिकल्या सोडल्या. महिन्यात पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे तीन लाख सत्तावीस हजार टिकल्या. एक टिकली साधारण पाच चौरस मिलिमीटरची धरली तर एवढ्या टिकल्या एका माणसाच्या पलंगाएवढी जागा झाकतील. फार वाटत नाही. आणखी वीस दिवस थांबा: सोळा गुंठे. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण दाटी झाली की वाढ मंदावते, खालच्या टिकल्यांना ऊन मिळत नाही आणि त्या पिवळ्या पडून कुजतात. म्हणूनच ज्याला डकवीड पिकवायची आहे त्याने ती सतत काढत राहायला हवी. काढली नाही तर पीक थांबतं. ही गोष्ट वाचताना साधी वाटते, पण या विषयाची सगळी खोच इथे आहे.

## रोज एक गोणी युरिया

आता नत्राकडे येऊ. शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द पाठ असतात; पोत्यावर छापलेले असतात. पण तेच नत्र आपल्या ताटातल्या डाळीतही आहे. प्रथिनात वजनाने साधारण १६ टक्के नत्र असतं. आपण डाळ, दूध, अंडी, मासळी खातो. शरीराला हवं तेवढं ते वापरतं आणि जवळजवळ तितकंच नत्र रोज बाहेर टाकतं, बहुतेक लघवीतून. मोठ्या माणसाचं हे प्रमाण दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास धरतात.

दोन हजार वस्तीचं गाव घ्या. दिवसाला २० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २० किलोच्या थोडं वर. याचा अर्थ त्या गावातून रोज जवळपास एक गोणी युरिया वाहून जातो. वर्षाला ३६५ गोण्या. हे सगळं गटारात येतं असं नाही, खेड्यात बहुतेक शौचालयं खड्ड्यांवर आहेत आणि गटारात येतं ते मोरीचं, धुण्याभांड्याचं पाणी. तरीही हा आकडा मला पहिल्यांदा सुचला तेव्हा मी कागदावर तीनदा करून पाहिला. खताच्या दुकानासमोर रांगेत उभं राहणारा शेतकरी आणि त्याच गावाच्या शिवेवरचा काळा ओढा, दोन्हीकडे विषय एकच आहे.

ओढ्यात गेलेलं नत्र तिथे काय करतं? लघवीतला युरिया जीवाणू फोडतात आणि अमोनिया होतो. तो माशांना विषारी. काही भाग नायट्रेट होऊन झिरपतो आणि विहिरीत उतरतो. उरलेल्यावर सूक्ष्म शेवाळ पोसतं, पाणी हिरव्या रश्श्यासारखं होतं, रात्री ते शेवाळ प्राणवायू खातं आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून मरतात.

डकवीडला हाच अमोनिया सर्वांत प्रिय. बरीच पिकं नत्र नायट्रेटच्या रूपात घेणं पसंत करतात; ही आधी अमोनिया उचलते, शिवाय फक्त मुळाने नव्हे, टिकलीच्या खालच्या अंगानेही. म्हणून सांडपाण्यावर ती कमळापेक्षाही खूष असते. आणि इथेच अझोलाशी तिचा खरा फरक आहे. अझोलाच्या पानात एक नीलहरित शैवाल राहतं, ते हवेतलं नत्र पकडून देतं. म्हणून अझोलाच्या बेडमध्ये शेण आणि सुपर फॉस्फेट टाकलं की काम भागतं. ज्याच्याकडे पाणी स्वच्छ आहे त्याने अझोला करावा. पाण्यातच नत्र फुकट पडलेलं असेल तर डकवीड करावी. अझोलाला त्या पाण्यातल्या नत्राची गरजच नसते, त्यामुळे सफाईच्या कामात तो मागे पडतो.

## मिर्झापूरचं तळं

बांगलादेशात टांगाइल जिल्ह्यात मिर्झापूर नावाचं गाव आहे. तिथे कुमुदिनी रुग्णालय आहे. रुग्णालय, शाळा आणि वसतिगृहं असलेलं मोठं आवार. १९९० च्या सुमारास प्रिझम या संस्थेने या आवाराचं सांडपाणी डकवीडवर घ्यायला सुरुवात केली. दोन-तीन हजार माणसांचं पाणी, आणि जागा सुमारे ०.६ हेक्टर, म्हणजे दीड एकर. आधी एका तळ्यात गाळ बसवायचा. मग नागमोडी वळणाच्या लांबलचक, उथळ चरातून पाणी सावकाश पुढे सरकवायचं, सारं अंतर कापायला तीन आठवडे लागतील असं. वर डकवीडची चादर. वाऱ्याने ती एका कडेला लोटली जाऊ नये म्हणून तरंगते बांबू आडवे-उभे टाकलेले. रोज माणसं जाळीने टिकल्या काढायची आणि शेजारच्या तळ्यातल्या माशांना टाकायची. माशांचं उत्पन्न हेक्टरी वर्षाला दहा टनांच्या वर गेलं. १९९३ साली जागतिक बँकेने या कामावर अहवाल काढला आणि डकवीडचं नाव जगभर झालं.

या चादरीखाली नेमकं काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण 'डकवीड पाणी शुद्ध करते' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

पाण्यातली कुजणारी घाण डकवीड खात नाही. ती जीवाणू खातात. टिकल्यांच्या पोटाला आणि मुळांना चिकटलेले, तळाच्या गाळातले. डकवीड त्यांना राहायला घर देते. दुसरं काम सावलीचं. उघड्या तळ्यात सूक्ष्म शेवाळ माजतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर तेही वाहून जातं, म्हणजे एक घाण गेली आणि दुसरी आली. चादरीखाली ऊन पोचत नाही, शेवाळ उपाशी मरतं, गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ निघतं. चादर सलग असेल तर डासांनाही अंडी घालायला उघडं पाणी सापडत नाही. सलग असेल तर, हे महत्त्वाचं. मधे मधे फाटलेली चादर या कामाची नाही. तिसरं काम नत्र आणि स्फुरद उचलण्याचं. हे तिचं स्वतःचं, आणि हे पूर्ण होतं तेव्हाच, जेव्हा टिकल्या तळ्याबाहेर निघतात. पाण्यातच राहिल्या तर मरतात, बुडतात, कुजतात आणि उचललेलं सगळं नत्र पुन्हा पाण्यात. सफाई डकवीड करत नाही, डकवीड काढणारा हात करतो. तळं हिरवंगार झालं म्हणून समाधान मानणारी ग्रामपंचायत वर्षभरात पुन्हा काळ्या पाण्यापाशी येते, ती यामुळे.

आता एक हिशेब, जो उत्साही लेखांत सहसा दिसत नाही. चांगल्या तळ्यातून रोज चौरस मीटरमागे १०० ग्रॅम ओली डकवीड निघते असं धरू. त्यात ९४-९५ टक्के पाणी, म्हणजे कोरडी साडेपाच ग्रॅम. त्यात ३० टक्के प्रथिन धरलं तर नत्र भरतं पाव ग्रॅमच्या थोडं वर. माणसाचं दिवसाचं १० ग्रॅम नत्र पूर्ण टिपायचं असेल तर माणशी ३८ चौरस मीटर तळं लागेल. दोन हजार वस्तीच्या गावाला १९ एकर. मिर्झापूरला मात्र माणशी दोन-अडीच चौरस मीटरवर काम झालं. मग ते कसं? कारण ते पाणी पातळ होतं, बरीचशी घाण आधीच गाळात बसत होती, आणि चादरीखालच्या प्राणवायू नसलेल्या थरात जीवाणू काही नत्राचा वायू करून हवेत सोडत होते. म्हणजे पाणी ओढ्यात सोडण्याजोगं करायला दीड एकर पुरतो. त्यातलं सगळं नत्र चाऱ्याच्या रूपात परत मिळवायला पुरत नाही. ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत, आणि कोणी योजना घेऊन आलं तर त्यातलं नेमकं कोणतं तुमचं, हे आधी विचारा.

यावरूनच ही पद्धत कुठे बसते तेही कळतं. मिर्झापूरच्या मापाने दोन हजारांच्या गावाला ४८ गुंठे लागतील. गावठाणाच्या उताराला, गटार जिथे संपतं तिथे एवढी गायरान जमीन पुष्कळ गावांत निघू शकते. पन्नास लाखांच्या शहराला याच मापाने बाराशे हेक्टर लागतील. पुण्या-मुंबईने हा नाद करू नये. आश्रमशाळा, वसतिगृह, साखर कारखान्याची कामगार वसाहत, खेडं, इथे मात्र जरूर करावा. वीज जवळपास लागत नाही, आणि वीजबिल थकलं म्हणून बंद पडलेली सांडपाणी यंत्रणा कोणी पाहिली नाही?

भारतात या धर्तीवर सर्वांत चिकाटीने काम झालं ते भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत. त्यांच्या रचनेत सांडपाणी आधी डकवीडच्या तळ्यांच्या ओळीतून जातं, मग मासळीच्या तळ्यात, आणि विक्रीआधी मासे काही काळ स्वच्छ पाण्याच्या तळ्यात ठेवले जातात. शेवटची पायरी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. सांडपाण्यातला मासा थेट बाजारात न नेता त्याला चांगल्या पाण्यात राहू द्यायचं, हे खाणाऱ्याचा विचार केल्याचं लक्षण आहे.

## खाणार कोण, आणि किती

सुपीक पाण्यात वाढलेल्या डकवीडच्या कोरड्या वजनात ३५-४० टक्क्यांपर्यंत प्रथिन भरतं. सरकीच्या पेंडीला ती सहज मागे टाकते आणि सोयाबीन पेंडीच्या जवळ जाते. लायसिन हे अमिनो आम्लही त्यात चांगलं असतं, जे मक्यात कमी पडतं. त्यामुळे मका आणि डकवीड ही जोडी जुळते. उपाशी पाण्यात मात्र हेच प्रथिन १५-२० टक्क्यांवर घसरतं. म्हणजे डकवीड म्हणजे अमुक इतकं प्रथिन, असं सांगताच येत नाही. ती ज्या पाण्यावर वाढली तेवढीच ती सकस.

पण ओल्या ढिगाला भुलू नका. एका गुंठ्यातून वरच्या हिशेबाने रोज दहा किलो ओली डकवीड निघेल. टोपली गच्च भरेल. वाळवल्यावर उरेल अर्धा किलो. त्यातलं प्रथिन १६५ ग्रॅम, म्हणजे ३५०-४०० ग्रॅम सोयाबीन पेंडीइतकं. दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या गायीच्या गरजेचा हा लहानसा कोपरा झाला. तेच कोंबड्यांना दिलं, त्यांच्या खाद्याचा दहावा हिस्सा म्हणून, तर पन्नास कोंबड्यांना पुरेल. म्हणून माझं मत असं की डकवीड लहान तोंडांसाठी आहे: परसातल्या कोंबड्या, बदकं, मासे. पाच-दहा गायींच्या गोठ्यासाठी गुंठाभर तळं खणणाऱ्याची निराशा होईल.

माशांत गवत्या मासा आणि तिलापिया तिला थेट खातात. गवत्याने खाल्लेल्याचा बराच भाग शेणासारखा बाहेर पडतो, त्यावर पाण्यातले सूक्ष्म जीव वाढतात आणि ते कटला, रोहू खातात. एक टोपली टाकली की तीन जातींची पंगत बसते. कोंबड्यांच्या बाबतीत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सांडपाण्यावर वाढलेल्या डकवीडचे प्रयोग झाले, १९९० साली ते प्रसिद्ध झाले, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात १५ टक्के डकवीड घालूनही अंडी घटली नाहीत. वर बलकाचा रंग गडद केशरी होतो, कारण टिकलीत रंगद्रव्यं भरपूर. लहान पिलांना मात्र हात राखून द्यावी.

वाळवणं ही खरी मेहनत. ओली डकवीड ढीग करून ठेवली तर काही तासांत आतून गरम होते आणि संध्याकाळपर्यंत वास मारू लागते. कुरड्या-पापडांसारखी पातळ पसरून एका उन्हात वाळली पाहिजे. पावसाळ्यात, जेव्हा ती सर्वांत जोमाने वाढते, तेव्हाच वाळवायला ऊन नसतं. म्हणून पावसाळ्यात ताजीच द्यावी, रोजची रोज काढून.

आता अळूचं नातं आठवा. अळू खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून आपण वडीला चिंच लावतो. लेम्ना आणि स्पायरोडेलामध्येही हे स्फटिक असतात, आणि माणसाच्या ताटात त्यांना फारशी जागा न मिळण्याचं ते एक कारण. वुल्फियात हे स्फटिक नसतात. थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये लोक पिढ्यान्‌पिढ्या वुल्फिया भाजीसारखी खात आले आहेत. तिथलं नाव 'खाय नाम', म्हणजे पाण्यातली अंडी. २०२१ च्या अखेरीस युरोपीय संघाने याच परंपरेच्या आधारावर ताजी वुल्फिया तिकडे विकायला परवानगी दिली. अर्थात ती स्वच्छ पाण्यात वाढवलेली. सांडपाण्यावरची वुल्फिया माणसाने खाण्याचा प्रश्नच नाही.

## कोणतं पाणी, याला माफी नाही

डकवीड नत्राबरोबर कॅडमियम, शिसं, क्रोमियमसुद्धा उचलते आणि अंगात साठवते. चामड्याच्या, मुलामा चढवण्याच्या किंवा रंगाच्या कारखान्यांचं पाणी ज्या नाल्याला मिळतं, तिथली डकवीड कोंबडीला, माशाला, कुणालाच घालायची नाही. तिथे ती फक्त साफ करणारी म्हणून चालेल आणि काढल्यावर घातक कचऱ्यासारखीच तिची विल्हेवाट लावावी लागेल. नाल्यावर हिरवं फुकट दिसलं म्हणून पोतं भरून आणणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका. एकच झाड त्याच पाण्यात विष काढण्याचं आणि खाद्य पुरवण्याचं, अशी दोन्ही कामं करू शकत नाही. घरगुती सांडपाण्यातही जंतांची अंडी आणि रोगजंतू असतात. काढणाऱ्याला रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच, आणि कोंबड्यांना देण्याआधी कडक ऊन.

हाच तिचा स्वभाव, पाण्यात जे असेल ते अंगात घेण्याचा, प्रयोगशाळेत गुण ठरला. तणनाशक किंवा नवं रसायन तळ्यातल्या वनस्पतींना किती घातक, हे जगभर लेम्नावर तपासतात. ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २२१ क्रमांकाची चाचणी, २००६ सालापासूनची: वेगवेगळ्या प्रमाणात रसायन घातलेल्या भांड्यांत टिकल्या सोडायच्या, सात दिवस वाढू द्यायच्या आणि मोजायच्या. साध्या भांड्यातल्या टिकल्या सात दिवसांत सातपट व्हायला हव्यात, तरच चाचणी ग्राह्य. लाखो रुपयांच्या रसायनाचा निकाल शेवटी कुणीतरी टिकल्या मोजून लावतं, हे मला फार आवडतं.

संशोधकांना ती आवडण्याचं दुसरं कारण म्हणजे एका टिकलीपासून झालेल्या सगळ्या टिकल्या तंतोतंत सारख्या. एकाच आईच्या हजार लेकी, शंभर बशांत. फरक पडला तर तो प्रयोगामुळेच. स्वित्झर्लंडचे एलियास लँडोल्ट यांनी आयुष्यभर जगभरातून या टिकल्या गोळा केल्या; लँडोल्टिया हे नाव त्यांच्यावरूनच. आणि आपल्याकडे दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९५० च्या दशकापासून लेम्ना आणि वुल्फियावर काम केलं. वुल्फियाला फूल आणणं मोठं अवघड; माहेश्वरींच्या प्रयोगशाळेने १९६३ साली दाखवलं की पाण्यात ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारं रसायन घातलं की वुल्फिया मायक्रोस्कोपिका फुलते. ही जात भारतीय उपखंडातलीच. पुढे काही काळ ती कुणाच्या संग्रहातही उरली नव्हती. पुन्हा सापडल्यावर मोजलं तर ती सुमारे २९ तासांत दुप्पट होते, सपुष्प वनस्पतींत मोजलेल्या सर्वांत वेगवान वाढींपैकी ही एक. जगातला हा विक्रम आपल्याच डबक्यातल्या हिरव्या रव्याचा आहे, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

जनुकांचं वाचन झालं तेव्हा हा काटकसरीचा स्वभाव तिथेही दिसला. २०१४ साली स्पायरोडेलाचा जनुकसंच वाचला गेला: सुमारे १९,६०० जनुकं, भाताच्या जवळपास निम्मी. २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या एका वुल्फियाचा. इतर वनस्पतींत जनुकांचा मोठा हिस्सा दिवस-रात्रीच्या घड्याळावर चालतो. या वुल्फियात तो जेमतेम १३ टक्के निघाला. कधी वाढायचं, कधी थांबायचं याचा विचार तिने जवळजवळ सोडूनच दिला आहे.

## मूळ मोजा

हौद मी अजून धुतलेला नाही. रोज सकाळी पीठ चाळायच्या जुन्या चाळणीने निम्म्या टिकल्या काढते, निम्म्या ठेवते, आणि काढलेल्या शेजारच्या काकूंच्या चार कोंबड्यांना जातात. एप्रिल-मेमध्ये हौदावर साडीची सावली करावी लागते. पाणी ३४-३५ अंशांच्या वर गेलं की टिकल्या पांढुरक्या पडतात. विदर्भ-मराठवाड्यात ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी सावलीची तजवीज आधी करावी.

आणि एक मोजमाप तुम्हीही करू शकता, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दोन काचेचे पेले घ्या. एकात बोअरचं किंवा नळाचं साधं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि चमचाभर शेणाचं निवळलेलं पाणी. दोन्हींत दहा-दहा टिकल्या सोडा, खिडकीत ठेवा. आठवड्याने टिकल्या मोजा, पण त्याहून महत्त्वाचं, मुळं पाहा. साध्या पाण्यातल्या टिकल्यांची मुळं लांबत जातात, खाली, खोल, काही मिळतंय का शोधत. शेणाच्या पाण्यातली आखूड राहतात, कारण हवं ते जवळच आहे. व्हिएतनाममधल्या लहान शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी यावरून एक साधी पट्टीच बनवली: मूळ जितकं आखूड, तितकं टिकलीत प्रथिन जास्त. आमच्या हौदातल्या टिकल्यांची मुळं मागच्या आठवड्यात बोटाच्या पेराएवढी लांब झाली होती. काकूंनी कोंबड्यांच्या खुराड्यातली अर्धी पाटी राख-विष्ठेचं खत पाण्यात कालवून दिलं, ते निवळून हौदात ओतलं. आज सकाळी नव्या टिकलीचं मूळ नखावर धरलं, तर ते नखापुढे गेलं नाही.